मोरॅनच्या नदीवरचा पूल

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण थॉमस मोरॅन या अमेरिकन चित्रकाराचे ‘ग्रीन रिव्हर क्लिफ्स, वायोमिंग’ हे १८८१ सालचे तैलचित्र अर्धे पान देऊन रंगीत छापलेत, त्याबद्दल प्रथम मनापासून आभार मानतो. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या वाचकांना वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत जाऊन ते पाहण्याचा योग येणे कठीणच आहे. मी ते पान कापून पुठ्ठ्यावर चिकटवले आणि शेजारच्या तीन-चार मुलांना बोलावून दाखवले. मात्र त्या चित्राखाली आपण ‘माणसाचा हात लागण्यापूर्वीची अमेरिका’ अशी ओळ दिली आहे, आणि हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. ती ओळ वस्तुस्थितीला धरून नाही. एकतीस वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यात चित्रकला शिकवली, आणि तशाच समजुतीने एक चूक मी स्वतः वर्गात केली आहे. म्हणून हा विषय एवढा लांबवून लिहितो आहे.

ज्यांच्या हाती तो अंक नाही त्यांच्यासाठी चित्राचे थोडे वर्णन करतो. चित्राची रुंदी उंचीच्या जवळजवळ अडीचपट आहे, त्यामुळे पाहताना मान एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवावी लागते. पुढच्या भागात उघडी, कोरडी जमीन आहे आणि तिच्यावरून रंगीबेरंगी पेहरावातल्या मूळ अमेरिकन घोडेस्वारांचा तांडा चालला आहे. त्यांच्यापलीकडे नदीचे पाणी चकाकते आणि त्या सगळ्यावर केशरी, पिवळ्या, तांबूस थरांचे कडे किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे आहेत. हवेत धूळ आणि ऊन असे मिसळले आहे की दूरचा कडा पुरता दगडाचा वाटत नाही. हे प्रकाशाचे कसब मोरॅनने इंग्रज चित्रकार टर्नर याच्याकडून घेतले. टर्नरची चित्रे प्रत्यक्ष पाहून त्यांच्या नकला करण्यासाठी तो १८६२ मध्ये लंडनला गेला होता. आपल्या छपाईत निळा रंग जरा चढला आहे, तरी एवढे सर्व त्यात दिसते.

आता वस्तुस्थिती. ग्रीन रिव्हर हे वायोमिंगमधले रेल्वेचे गाव आहे. युनियन पॅसिफिक कंपनीचे रूळ तिथे १८६८ मध्ये पोहोचले आणि १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमॉन्टरी येथे पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा लोहमार्ग जोडला गेला. मोरॅन १८७१ च्या उन्हाळ्यात तिथे आला तो याच रेल्वेने. भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनंड हेडन यांच्या सरकारी पाहणी पथकाबरोबर त्याला यलोस्टोनला जायचे होते, आणि वाटेत ग्रीन रिव्हरला उतरल्यावर त्याने एक छोटे जलरंगातले टिपण केले. पश्चिमेत आपण केलेले हे पहिले रेखाटन, अशी नोंद त्यावर आहे. तो ज्या गावात उभा होता त्या गावात तेव्हा शाळा होती, हॉटेल होते, बिअरची भट्टी होती, आणि नदीवर रेल्वेचा पूल होता. त्याआधी दोन वर्षे, २४ मे १८६९ रोजी, जॉन वेस्ली पॉवेल यांनी कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातली आपली प्रसिद्ध मोहीम याच गावातून सुरू केली. त्यांच्या चार होड्या शिकागोला बांधल्या होत्या आणि रेल्वेने इथवर आणून या नदीत सोडल्या होत्या. ज्या जागेला आपण ‘माणसाचा हात लागण्यापूर्वीची’ म्हणता, तिथे मोरॅनने रंगाची पेटी उघडली तेव्हा माल आणि माणसे आगगाडीने रोज येत-जात होती.

याला पुरावाही आहे, आणि तो विलक्षण आहे. अँड्र्यू जे. रसेल हे छायाचित्रकार रेल्वेच्या बांधकामाची छायाचित्रे काढत होते. १८६८ मध्ये त्यांनी ग्रीन रिव्हरला घेतलेल्या एका छायाचित्रात मागे तोच बुरुजासारखा कडा आहे, ज्याला त्या वेळी सिटाडेल रॉक म्हणत, आणि पुढे नदीवर एकाच वेळी दोन पूल आहेत. एक घाईने उभा केलेला लाकडी, तात्पुरता पूल, आणि दुसरा कायमचा, बांधला जात असलेला. कोकणातल्या माणसाला हे छायाचित्र समजावून सांगावे लागणार नाही. जुना साकव वापरात असताना शेजारी नव्या पुलाचे खांब वर येताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. रसेलचे छायाचित्र आणि मोरॅनचे चित्र शेजारी-शेजारी ठेवले तर कडा जुळतो, नदी जुळते, आणि चित्रात पूल तेवढा नाही. शाळा नाही, भट्टी नाही, रूळ नाहीत. त्यांच्या जागी घोडेस्वार आहेत.

या घोडेस्वारांबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. त्या मुलखात शोशोनी लोकांचा वावर होता. १८६८ मध्ये, म्हणजे रूळ ग्रीन रिव्हरला पोहोचले त्याच वर्षी, फोर्ट ब्रिजर येथे झालेल्या कराराने पूर्वेकडच्या शोशोनींना विंड रिव्हरच्या राखीव प्रदेशाची हद्द आखून देण्यात आली. मोरॅनने हे चित्र रंगवले तेव्हा त्या गोष्टीला तेरा वर्षे होऊन गेली होती. म्हणजे ज्या गावाने आणि रुळांनी त्या लोकांना बाजूला सारले ते चित्रातून गेले, आणि ज्यांना बाजूला सारले गेले ते मुक्तपणे हिंडताना दिसतात. पाहणाऱ्याच्या मनाला त्यात जे सुख मिळते त्यात मोठा वाटा या अदलाबदलीचा आहे, आणि हे कळल्यावर चित्र पूर्वीसारखे पाहता येत नाही. निदान मला येत नाही.

मोरॅनने हे फसवण्यासाठी केले, असे मात्र मी म्हणणार नाही. निसर्गाची हुबेहूब नक्कल करण्याला आपण किंमत देत नाही आणि आपला सगळा ओढा आदर्श रूपाकडे आहे, असे तो स्वतः १८७० च्या दशकात उघडपणे सांगत असे. त्याच्या जन्माची जागाही लक्षात घ्यावी. १८३७ मध्ये इंग्लंडमधील बोल्टन या गिरण्यांच्या गावात, हातमागावर काम करणाऱ्या विणकरांच्या घरात तो जन्मला. यंत्रमागांनी अशा कुटुंबांचा धंदा बसवला आणि मोरॅन कुटुंब १८४४ मध्ये अमेरिकेला गेले. ज्याच्या घरादाराला यंत्राने देशोधडीला लावले त्याने आपल्या चित्रात यंत्र येऊ दिले नाही, असा संबंध कोणी जोडला तर मी त्याला हरकत घेणार नाही. पण दुसरी बाजू अशी की त्याच्या पहिल्या प्रवासाच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांमध्ये जे कुक नावाचे एक गृहस्थ होते, आणि ते नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला भांडवल उभे करून देणारे सावकार होते. प्रवासी यावेत म्हणून रेल्वेला सुंदर, निर्मनुष्य, भव्य देखावे हवेच होते.

आणि या चित्रांनी मोठे काम केले, हेही तितकेच खरे. १८७१ च्या त्या सफरीतील मोरॅनची जलरंगचित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सन यांची छायाचित्रे अमेरिकेच्या काँग्रेससमोर आली आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची सही झाली. त्याच वर्षी मोरॅनने रंगवलेले यलोस्टोनच्या दरीचे प्रचंड चित्र काँग्रेसने १०,००० डॉलरला विकत घेतले. चित्र पाहून कायदेमंडळ एखादी दरी राखते, हे आपल्याकडे व्हावे असे मला फार वाटते. म्हणून मोरॅनला हिणवण्याचा माझा हेतू नाही. त्याचा कडा खरा आहे आणि त्याचा नदीकाठ मनातला आहे, एवढेच वाचकाला कळावे.

कडा खरा आहे असे मी का म्हणतो, ते जरा खुलासेवार सांगतो, कारण चित्राचा सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते तोच आहे. ग्रीन रिव्हरचे कडे म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या विशाल सरोवरांच्या तळाशी साचलेला गाळ आहे. तो पातळ पातळ पापुद्र्यांनी साचला, आणि त्या पापुद्र्यांत मासे इतक्या सुबकपणे दबले की त्यांचे काटे मोजता यावेत. असे मत्स्यजीवाश्म त्या खडकात आजही सापडतात. खालचे ठिसूळ थर झिजून उताराला लागतात आणि वरचा कठीण वालुकाश्म टोपीसारखा राहतो, म्हणून कड्याला बुरुजाचा आकार येतो. मोरॅनने हे थर बरोबर पाहिले होते. त्याने रंग वाढवला असेल, पण थरांची आडवी रेघ कुठे मोडते, कुठे उताराची भुकटी सुरू होते आणि टोपीचा दगड किती पुढे झुकतो, हे त्याने आळस न करता काढले आहे. तो भूगर्भशास्त्रज्ञांच्या संगतीत हिंडला होता, हे तिथे दिसते.

आपल्या पुरवणीतले ते चित्र पाहून मला आमचाच किनारा आठवला, याचे कारणही त्या टोपीत आहे. रत्नागिरीपासून देवगड-विजयदुर्गापर्यंत समुद्राकडे आणि खाड्यांकडे तोंड करून उभे असलेले जे जांभ्याचे कडे आहेत, त्यांचा घाट साधारण तसाच आहे. वर सड्याचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाटीचा, कठीण जांभा, त्याखाली मऊ, गुलाबी-पांढरी माती. पावसाळ्यात ती माती खालून निसटते आणि वरच्या जांभ्याचे घराएवढे तुकडे सुटून पुळणीवर येऊन पडतात. घडण मात्र अगदी वेगळी आहे. तिथे सरोवराचा गाळ साचून खडक झाला. इथे लाव्हापासून झालेला काळा कातळ लाखो पावसाळ्यांच्या पाण्याने सडला, विरघळणारे ते वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्या लोहाच्या गंजाचाच आमच्या कड्यांचा रंग आहे. चिरेखाणीत नुकताच काढलेला चिरा हातात घेऊन पाहावा. ताज्या कापावर तांबडे, हळदी आणि जांभळट असे तीन रंग एकमेकांत गुंतलेले असतात आणि मध्ये वाळवीच्या वारुळासारखी भोके असतात. वाऱ्या-उन्हात तोच चिरा कठीण होतो आणि काळवंडतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर, सूर्य समुद्रावर तिरपा आला की या कड्यांवर जो रंग चढतो, त्यासाठी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर एवढे दोन रंग पुरत नाहीत; थोडा क्रिमसन मिसळावाच लागतो. मोरॅनचा केशरी रंग पाहून ‘असा कुठे डोंगर असतो का’ असे ज्यांना वाटले असेल त्यांनी त्या दिवसांत संध्याकाळी साडेपाचला भाट्याच्या बाजूने रत्नदुर्गाकडे पाहावे.

आता माझी गोष्ट. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी रत्नागिरीच्या दक्षिणेला एका खाडीकाठच्या शाळेत होतो. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे स्मरणचित्र हा माझ्या काळजीचा विषय असे, कारण निसर्गचित्र काढा म्हटले की मुले दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळत येणारी नदी, एक झोपडी आणि एक माड काढून मोकळी होत. आमच्या गावातून सूर्य डोंगरामधून उगवताना दिसतच नसे. म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवीच्या मुलांना बोर्ड-कागद घेऊन मी धक्क्यावर नेले. तेव्हा खाडीवर तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालू होती आणि शेजारी पुलाचे काम निघाले होते. चार खांब पाण्याबाहेर आले होते, त्यांच्याभोवती बांबूंची परांची होती, अलीकडच्या काठावर मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. ओहोटी असल्यामुळे चिखलात बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत होत्या.

तर चालवणाऱ्याची मुलगी त्या वर्गात होती. तिने डोंगर-सूर्य काहीच काढले नाही. तिने खांब काढले, परांची काढली, आणि पहिल्या खांबातून बाहेर आलेल्या सळईला दोराने बांधलेली वडिलांची होडी काढली. रेषा अडखळत होती, पण सगळे जागच्या जागी होते. मी तिला म्हणालो, ‘हे खांब काढून टाक बघू. चित्र कसं मोकळं दिसेल, सुंदर दिसेल.’ तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘मग होडी कशाला बांधायची, सर?’ या प्रश्नाला मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा काहीच दिले नाही. तिने खोडरबर घेऊन खांब पुसले, वर निळा हात मारला. चित्र खरोखरच मोकळे दिसू लागले. मी ते वर्गाच्या भिंतीवर लावले, आणि निवृत्तीच्या वेळी इतर कागदांबरोबर ते माझ्या फाईलमध्ये आले.

आजही ते माझ्याकडे आहे. जिथे रबर फिरले तिथे कागदाचे रोम उठलेले आहेत आणि कागद उजेडाकडे तिरका धरला की पेन्सिलीच्या दाबाने उमटलेले चार खांब दिसतात. दोर तिने पुसला नव्हता. तो होडीच्या नाळीपासून निघतो आणि पाण्यात संपतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला काही नाही.

पुढे पूल झाला आणि तर बंद झाली. तर आणि पुलाचे खांब एकाच वेळी खाडीत उभे होते असे ते दीड-दोन वर्षांचे दिवस. त्यांचे डोळ्यांनी पाहून काढलेले एकच चित्र होणार होते, आणि ते मी होऊ दिले नाही. रसेलचे छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा दोन पुलांकडे बघत मी बराच वेळ बसलो होतो, ते यासाठी. मोरॅन मोठा चित्रकार होता. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे त्याने स्वतःच्या जबाबदारीने ठरवले. त्या मुलीला मात्र ते ठरवू दिले गेले नाही. तिने जे ठेवले होते ते मी शिक्षकाच्या अधिकाराने गाळायला लावले, आणि सौंदर्य म्हणजे असेच असते असे तिला त्या दिवशी शिकवले.

ही सवय माझ्यापुरती नव्हती, म्हणून वर्तमानपत्रात लिहितो आहे. कोकणाची जी चित्रे, दिनदर्शिका आणि पर्यटनाचे फलक आपण पाहतो त्यांतली खाडी बहुतेक वेळा अशीच धुऊन काढलेली असते. माड असतात, शिडाचे एखादे गलबत असते. बर्फाचा कारखाना, धक्क्याला लागलेल्या यांत्रिक नौका, विजेचे खांब, सड्यावरची चिरेखाण यांतले काही नसते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग सुरू झाली. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरचा तिचा पूल ६४ मीटर उंच आहे, आणि तिथे उभे राहून त्या दरीचे चित्र करताना खांब तेवढे वगळणारे हौशी चित्रकार मी स्वतः पाहिले आहेत. खांब गेले की ते ओतणारे मजूरही जातात. ग्रीन रिव्हरच्या पुलाचेही तेच झाले. युनियन पॅसिफिकचे रूळ टाकणाऱ्यांत आयरिश मजूर आणि यादवी युद्धातून सुटलेले सैनिक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्या कष्टाने जिथवर गाडी आली तिथल्या या चित्रात त्यांची एकही खूण नाही. खाडीचे सौंदर्य खांबांमुळे उणावते असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते त्यांनी खांब गाळावेत, त्याला माझी ना नाही. परंतु ते गाळले आहेत हे पाहणाऱ्याला कळण्याची काही सोय असावी.

तेव्हा आपल्याला दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला विद्यार्थ्यांची चित्रे येतात, त्यांत निसर्गचित्र असेल तर त्याखाली नावाबरोबर स्थळ आणि साल छापावे. मुलाला स्थळ लिहावे लागले की तो तिथे जाऊन पाहील, निदान आठवून पाहील, आणि तीस वर्षांनी कोणी तो अंक उघडला तर त्या साली त्या खाडीवर काय होते हे त्याला कळेल. चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनीही मुलाने काढलेला पूल, टॉवर किंवा पत्र्याची शेड पुसायला सांगण्यापूर्वी तो तिथे का आहे, हे त्यालाच विचारावे.

दुसरी विनंती आपण छापलेल्या त्या ओळीची. पुढच्या रविवारी दुरुस्ती देणार असाल तर मजकूर एवढाच पुरे: ‘ग्रीन रिव्हर, वायोमिंग. थॉमस मोरॅन, १८८१. १८७१ मध्ये तिथे केलेल्या टिपणानंतर दहा वर्षांनी स्टुडिओत रंगवलेले. नदीवर त्या वेळी रेल्वेचा पूल होता. चित्रात तो घेतलेला नाही.’

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
रत्नागिरी